कानाच्या नसेवरची गाठ आणि बिनसुईचा एमआरआय

बजबजहून बोलतोय. मागच्या भागात रक्तदाबाबद्दल बोलताना मी सहज म्हणून गेलो की माझ्या डाव्या कानाच्या आत एक गाठ आहे आणि मी सहा वर्षं तिच्यावर पाळत ठेवून आहे. त्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लिहिलं. बेळगावहून एक ताई, इंदूरहून एक काका, पुण्याहून तर चार-पाच जण. त्यातले निम्मे लोक वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारत होते: दरवर्षी एमआरआय करताना ते इंजेक्शन घ्यावंच लागतं का? आजचा भाग त्या प्रश्नासाठी.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. विज्ञानाचा पदवीधर, नंतर तोफखान्यात नोकरी. या विषयाशी माझं नातं रुग्णाचं आहे आणि थोडंफार वाचनाचं. मी सांगेन ते तुमच्या डॉक्टरांना विचारण्यासाठी घेऊन जा, त्यांच्याशी भांडण्यासाठी नको.

माझी गाठ सापडली कशी, ते आधी सांगायला हवं, कारण ती सापडली नसती तर त्यात कोणाला नवल वाटलं नसतं. मी फोन नेहमी उजव्या कानाला लावतो हे आधी बायकोच्या लक्षात आलं. डाव्या कानाला लावला की आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. सियालदह स्टेशनवर बजबज लोकलची घोषणा झाली की मी शेजारच्याला विचारायचो, काय म्हणाले? कानात रातकिड्यासारखी किरकिर होतीच. पण तोफवाल्याला बहिरेपणाचं कारण कोण विचारणार? देवळालीच्या तोफखाना स्कूलपासून निवृत्तीपर्यंत कानाशी तोफा वाजल्या. त्यात रायफलचंही एक शास्त्र आहे. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला जातो. म्हणून फौजी माणसाचा डावा कान थोडा जास्त खराब असणं ही नेहमीची गोष्ट. माझ्या बहिरेपणाला कारण तयार होतं आणि ते इतकं सोयीचं होतं की मी स्वतः दोन वर्षं त्यावर विश्वास ठेवला.

आमच्या बजबजमध्ये तागाच्या गिरण्या आहेत. तिथे आयुष्य काढलेल्या लोकांचं असंच होतं. गिरणीत काम केलंय म्हणजे ऐकू कमी येणारच, विषय संपला. पण गिरणीचा आवाज दोन्ही कानांना लागतो. एकाच कानाची श्रवणशक्ती जात असेल तर थांबून विचार करायला हवा. मला तपासणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञ बाईंनी तो केला. ऑडिओग्राममध्ये डाव्या कानाला सूर ऐकू येत होते त्या मानाने शब्द फारच कमी ओळखू येत होते. त्या म्हणाल्या, "कर्नलसाहेब, हे नुसतं तोफेचं काम वाटत नाही. एक एमआरआय करून घेऊ."

गाठ निघाली ९ मिलिमीटरची.

या गाठीचं जुनं नाव अकूस्टिक न्यूरोमा. आजही बरेच डॉक्टर तेच वापरतात, पण ते दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे. ती बहुतेक वेळा ऐकण्याच्या नसेवर नसते, शेजारच्या तोल सांभाळणाऱ्या नसेवर असते. आणि ती नसेच्या तंतूंची नसते, तंतूंभोवती आवरण घालणाऱ्या श्वान पेशींची असते. म्हणून आताचं नाव व्हेस्टिब्युलर श्वानोमा. ती कर्करोगाची नाही, अंगात पसरत नाही. भानगड आहे ती जागेची. कानाच्या आत हाडातून मेंदूकडे जाणारा एक बोगदा आहे, साधारण एक सेंटिमीटर लांबीचा. त्यातून चार नसा जातात: चेहऱ्याची एक, ऐकण्याची एक आणि तोलाच्या दोन. एवढ्या अरुंद जागेत पाहुणा वाढला की घरच्यांना दाबतो. बोगद्याबाहेर पडून खूप मोठा झाला तर मेंदूच्या खोडाला टेकतो आणि मग प्रश्न कानाचा राहत नाही.

१९१७ साली अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी या गाठींवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या काळात रुग्ण यायचे ते डोकेदुखी, अंधत्व, तोल गेलेला अशा अवस्थेत, आणि शस्त्रक्रिया असायची ती जीव वाचवण्यासाठी. ९ मिलिमीटरची गाठ जिवंत माणसात पाहणं त्यांना शक्यच नव्हतं. ते शक्य केलं एमआरआयनं. आपल्याकडे पहिलं एमआरआय यंत्र १९८६ साली दिल्लीत इन्मास या संस्थेत बसलं. ही डीआरडीओची, म्हणजे संरक्षण खात्याची संस्था. आमच्या गोटातली गोष्ट, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता इंजेक्शनकडे येऊ. त्यात असतो गॅडोलिनियम नावाचा धातू, क्रमांक ६४. मोकळा धातू शरीराला विषारी आहे, म्हणून तो एका रासायनिक पकडीत घट्ट धरून देतात. या धातूच्या अणूत सात एकटे इलेक्ट्रॉन असतात. त्यामुळे तो चुंबकासारखा वागतो आणि आजूबाजूच्या पाण्याच्या रेणूंचा एमआरआयमधला संकेत बदलतो. जिथे गॅडोलिनियम पोहोचतं तो भाग एका प्रकारच्या चित्रात पांढराशुभ्र उजळतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या त्याला सहसा बाहेर पडू देत नाहीत, पण या गाठीतल्या वाहिन्यांना तसा पहारा नाही. तिथे ते झिरपतं आणि गाठ दिव्यासारखी पेटते. १९८८ मध्ये अमेरिकेत असं पहिलं औषध मंजूर झालं आणि दोन-तीन मिलिमीटरच्या गाठीही दिसू लागल्या. ज्यांनी या इंजेक्शनला सर्वोत्तम मानलं, त्यांनी ते उगाच मानलं नाही.

पण गाठ पाहायची आणखी एक रीत आहे. माझ्या गच्चीवरून हुगळी दिसते. भरतीच्या वेळी ऊन पडलं की सगळं पाणी चकाकतं आणि घाटाचे खांब, बांधलेल्या होड्या त्यात काळ्या उठून दिसतात. खांबाला रंग द्यावा लागत नाही. एमआरआयमध्येही असं चित्र घेता येतं ज्यात पाणी पांढरं होतं. कानामागच्या त्या बोगद्यात मेंदूभोवतीचंच पाणी भरलेलं असतं. त्यात नसा बारीक काळ्या रेघांसारख्या दिसतात आणि गाठ असेल तर काळसर गोळा. सीमेन्सच्या यंत्रावर या पद्धतीला सिस म्हणतात, जीईच्या यंत्रावर फिएस्टा, फिलिप्सवर ड्राइव्ह. नावं कंपनीची, काम जवळजवळ एकच. काप एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतात. काही मिनिटांत होतं, हाताला सुई टोचावी लागत नाही, आणि खर्चही कमी.

मग प्रश्न असा की या बिनसुईच्या चित्रावर भागतं का? उत्तर देण्याआधी हे पाहावं लागेल की दरवर्षी आपण एमआरआय कशासाठी करतो.

पूर्वी गाठ दिसली की काढायची, असा कल होता. मग डॉक्टरांनी लहान गाठी नुसत्या पाहत राहून नोंदी ठेवल्या. डेन्मार्कमध्ये साडेपाचशे रुग्णांचा असा पाठपुरावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. बोगद्याच्या आत असलेल्या गाठींपैकी फक्त १७ टक्के वाढल्या, बाहेर आलेल्यांपैकी सुमारे २९ टक्के. आणि ज्या वाढल्या त्या पहिल्या पाच वर्षांतच. म्हणजे बहुसंख्य गाठी काही न करता जागच्या जागी बसल्या. दुसरीकडे नॉर्वेत दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी असलेल्या १०० जणांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. अर्ध्यांना लगेच किरणांचा उपचार दिला, अर्ध्यांना थांबवून पाहिलं. चार वर्षांनी किरणवाल्यांच्या गाठी सरासरीनं थोड्या आक्रसल्या होत्या, थांबलेल्यांच्या दीडपट झाल्या होत्या. पण थांबलेल्या ५० पैकी २८ जणांना चार वर्षांत कसलाच उपचार लागला नाही. दोन्ही बाजूंचे डॉक्टर हीच चाचणी आपापल्या बाजूनं वापरतात. मला त्यात एवढंच दिसतं की थांबणं हा मूर्खपणा नाही आणि पाळत न ठेवता थांबणं हा आहे.

तर पाळतीच्या एमआरआयला उत्तर द्यायचं असतं ते एका प्रश्नाचं: गाठ वाढली का? ती काय आहे, हे पहिल्या तपासणीत ठरलेलं असतं. आणि आकार मोजायला पांढऱ्या पाण्यातला काळा गोळा पुरतो. अनेक ठिकाणी आता पाठपुरावा अशाच बिनसुईच्या चित्रांवर करतात. सगळीकडे नाही. काही डॉक्टर अजून इंजेक्शनचा आग्रह धरतात आणि काही वेळा त्यांचं बरोबर असतं. त्यावर पुढे बोलतो.

इंजेक्शन टाळावं कशाला, हाही प्रश्न रास्त आहे. इथे मला व्हॉट्सअॅपशी थोडं भांडायचं आहे. "गॅडोलिनियम म्हणजे विष, मेंदूत कायमचं साठतं" असा एक संदेश फिरतो, मलाच तीनदा आला. त्यातलं खरं किती? २००६ मध्ये असं लक्षात आलं की मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झालेल्या काही रुग्णांना या इंजेक्शननंतर कातडी आणि सांधे कडक होण्याचा गंभीर आजार झाला. २०१४ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं की वारंवार इंजेक्शन घेतलेल्यांच्या मेंदूच्या काही भागांत त्याच्या खुणा राहतात. २०१७ मध्ये युरोपच्या औषध नियामकानं सैल पकडीची बरीचशी औषधं थांबवली किंवा त्यांचा वापर आवळला. आता जी घट्ट पिंजऱ्यासारख्या पकडीची औषधं वापरतात, त्यांच्यामुळे तो कातडीचा आजार होणं अतिशय दुर्मीळ आहे. आणि मेंदूत राहिलेल्या अंशामुळे माणसाला अमुक आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. म्हणजे गरज असेल तेव्हा हे इंजेक्शन घ्यायला घाबरू नये. पण वीस वर्षं पाळत ठेवायची असेल तर गरज नसताना वीस सुया कशाला, हा हिशेब कोणालाही पटावा. जाता जाता एक गोष्ट: हे औषध लघवीतून बाहेर पडतं आणि सांडपाण्यातून नदीत जातं. १९९६ मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या नद्यांच्या पाण्यात त्याचा माग काढला होता. नदीकाठी राहत असल्यामुळे असेल, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

माझ्या बाबतीत निर्णय मूत्रपिंडांनी घेतला. पहिले तीन एमआरआय मी इंजेक्शन घेऊनच केले, सगळे घेतात म्हणून. अडीच वर्षांनी गेलो तेव्हा इंजेक्शनपूर्व रक्ततपासणीत मूत्रपिंडांचं काम उतरलेलं निघालं, गाळण्याचा वेग ४१. रक्तदाबाची देणगी. रेडिओलॉजीच्या डॉक्टरांनी माझ्या सर्जनना फोन लावला. या आकड्यावर इंजेक्शन वर्ज्य नव्हतं, पण सर्जन म्हणाले, "मला फक्त आकार हवाय. सिस करा आणि घरी पाठवा." मी टेबलावर आडवा होतो. सुई लावायला आलेला मुलगा म्हणाला, "काकाबाबू, आज तुमची सुट्टी."

आता माझी चूक सांगतो. या भागातलं सगळं विसरलात तरी चालेल, ही मात्र लक्षात ठेवा.

मी शिस्तीचा माणूस. दर वेळी फाइल घेऊन जायचो. पण फाइलमधून काढून द्यायचो तो फक्त गेल्या वेळचा रिपोर्ट, कागद. सीडी घरी कपाटात. रिपोर्ट लिहिणारे त्या कागदाशी तुलना करायचे. सहा महिन्यांनी ९ मिलिमीटर, बदल नाही. पुढच्या वर्षी १०, लक्षणीय बदल नाही. त्यांचंही बरोबर, कारण दोन मिलिमीटरपेक्षा कमी फरक मोजण्याच्या चुकीत धरतात. पुढे ११, लक्षणीय बदल नाही. त्यापुढे १२, लक्षणीय बदल नाही. दर वर्षी मी रिपोर्ट वाचून खूश आणि बायको रसगुल्ले आणायची.

साडेतीन वर्षांनी सर्जननी सहज विचारलं, पहिली सीडी कुठंय? पुढच्या खेपेला नेली. त्यांनी पहिलं चित्र आणि शेवटचं चित्र शेजारी शेजारी लावलं. मला काही सांगावं लागलं नाही. ९ आणि १२. तीन मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण गोळ्याचं आकारमान व्यासाच्या घनानं वाढतं. ती गाठ मुळाच्या सव्वादोन पटीहून मोठी झाली होती आणि प्रत्येक कागदावर लिहिलं होतं, बदल नाही. आम्ही तोफेचा मारा नेहमी एका पक्क्या मोजलेल्या ठिकाणापासून बांधतो. मागचा गोळा पडला तिथून पुढचा, तिथून त्यापुढचा असा हिशेब कोणी केला तर मी त्याला पोस्टवरून उतरवला असता. स्वतःच्या डोक्याच्या बाबतीत मी तेच करत होतो.

सर्जननी लगेच काही केलं नाही. ते म्हणाले, सहा महिन्यांनी याच यंत्रावर, याच पद्धतीनं पुन्हा. त्या सहा महिन्यांत मी किरणोपचाराबद्दल मिळेल ते वाचलं. स्वीडनच्या लेक्सेल यांनी १९६९ मध्ये गामा नाइफनं अशा गाठीवर पहिला उपचार केला. आपल्याकडे मुंबईत आणि दिल्लीत हे यंत्र १९९७ च्या सुमारास आलं. रात्री किरकिर ऐकत पडायचो आणि डोक्यात फक्त चेहऱ्याची नस असायची. हसताना तोंड वाकडं झालं तर नातीला कसं वाटेल, वगैरे. सहा महिन्यांनी १२. पुढच्या वर्षी १२. सध्या तिथेच आहे.

हे जमलं ते एका कारणानं: माझ्या पहिल्या एमआरआयमध्ये इंजेक्शनच्या चित्रांबरोबर सिसचीही चित्रं होती. इंजेक्शनवालं चित्र आणि पाण्याचं चित्र यांत एकाच गाठीचं माप थोडं वेगळं येऊ शकतं. त्यामुळे सिसची तुलना सिसशीच करायला हवी. तुमची पहिली तपासणी अजून व्हायची असेल तर ही चित्रं घ्यायला सांगा, तोच तुमचा पाया. शक्यतो दर वेळी तेच केंद्र, तेच यंत्र. बरोबर सगळ्या सीडी न्या, निदान पहिली आणि शेवटची. रिपोर्टमध्ये "पहिल्या तपासणीशी तुलना" असे शब्द आलेत का, ते काउंटरवरच वाचा. आमच्यासारखे ईसीएचएसवाले असाल तर रेफरल लिहून घेतानाच "इंटर्नल ऑडिटरी कॅनाल, हाय रिझोल्यूशन, विदाउट कॉन्ट्रास्ट" असं डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर केंद्रावर जाडसर कापांचा साधा मेंदूचा एमआरआय होतो आणि त्यात आपली गाठ दोन कापांच्या मधे हरवते. आणि फौजी मित्रांनो, अंगात कधी छर्रा राहिला असेल तर चुंबकाच्या खोलीत शिरण्याआधी सांगा, तीस वर्षं जुना असला तरी.

सुई हवीच, असे प्रसंगही आहेत. पहिलं निदान करताना बहुतेक ठिकाणी ती देतात, कारण मेंदूच्या आवरणाची गाठ, नसेची सूज किंवा थेट अंतर्कर्णात बसलेली बारीक गाठ नुसत्या पाण्याच्या चित्रात फसवू शकते. शस्त्रक्रियेनंतर काही तुकडा राहिला का, हे पाहताना लागते, कारण तिथे व्रण आणि चरबी यांची गर्दी असते. किरणोपचारानंतर गाठ आधी फुगून मग आक्रसू शकते, तेव्हाही आतलं पाहायला बरेच डॉक्टर ती मागतात. गाठीत पाण्याच्या पिशव्या असतील तर पांढऱ्यात पांढरं मिसळून कड नीट दिसत नाही. दोन्ही कानांकडे गाठी असतील तर तो वेगळा, आनुवंशिक आजार असू शकतो आणि त्याची पाळतही वेगळी. बिनसुईच्या चित्रात गाठ वाढलेली किंवा विचित्र दिसली तर डॉक्टर पुन्हा बोलावून इंजेक्शन देतील. तेव्हा माझा व्हिडिओ दाखवून नाही म्हणू नका.

एक गैरसमज राहिला. गाठ वाढली नाही म्हणजे कान टिकला असं नाही. माझी गाठ गेली दोन वर्षं स्थिर आहे आणि डाव्या कानातले शब्द तरीही कमी होत चाललेत. म्हणून ऑडिओग्राम वेगळा करत राहावा लागतो. चेहरा बधिर वाटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, चालताना झोक जायला लागला, डोकं सतत दुखायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

किती वर्षांनी किती वेळा, याचं माझ्या सर्जनचं गणित असं: पहिला फेरा सहा महिन्यांनी, मग पाच वर्षं दर वर्षी, आणि स्थिर राहिली तर एक वर्षाआड. माझी मधे हलली, म्हणून मला अजून दर वर्षी जावं लागतं. पुढची तारीख डिसेंबरात आहे. सकाळची बजबज लोकल, माझेरहाटला उतरायचं, पिशवीत सातही सीडी. यंत्रात जायच्या आधी तो मुलगा आता स्वतःच विचारतो, "काकाबाबू, पहिली सीडी आणली?"

निकाल आला की सांगेन. बेळगावच्या ताईंनी तोल जाण्याचे व्यायाम विचारले होते, ते पुढच्या भागात घेऊ. नमस्कार.